युनाम शिखर की फ्रेंडशिप? आधी मुक्कामांच्या उंचीचे आकडे मागवा

तुमची पोस्ट वाचली. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून झालीय, वासोटा-कळसूबाई झालंय, ऑफिसातून नऊ दिवस सुट्टी मिळतेय आणि पहिलंच हिमशिखर म्हणून हिमाचलातलं युनाम मनात आहे. का, तर "टेक्निकल काही नाही, सहा हजारी आहे आणि गाडी थेट बेस कॅम्पला जाते." हेच वाक्य मला एका ट्रेक आयोजकाच्या ऑफिसात ऐकवलं होतं, म्हणून लांबलचक लिहितोय. थर्मल, सॅक, हेडटॉर्च वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडून देतो.

युनाम ६,१०० मीटरच्या वर आहे आणि चढाई खरंच फार अवघड नाही. घोळ आहे तो रस्त्यात. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून केलाँग-जिस्पा म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. जिस्पा साधारण ३,२०० मीटर. तिथून बारालाचा खिंड ओलांडली की भरतपूर, म्हणजे युनामचा तळ, ४,६०० च्या पुढे. म्हणजे सीटवर बसल्या बसल्या एका दिवसात चौदाशे मीटर वर. अख्खा कळसूबाई १,६४६ मीटरचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम. चालत जाणाऱ्याला दम लागतो म्हणून तो आपसूक हळू जातो, गाडीत ती सोय नाही.

मी युनामला गेलो तेव्हा आमच्या छापील कार्यक्रमात जिस्पाला दोन रात्री होत्या. मनालीत पोचल्यावर कळलं, एकच. आधीची बॅच दरडीमुळे रखडली होती, त्यामुळे तंबूंचं गणित बिघडलेलं. लीडर पोरगा चांगला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. ऑफिसला फोन केला तर, "सर, सगळ्यांना जमतं, पाणी भरपूर प्या." भरतपूरला सॅक उघडली तेव्हा भडंगाचं पाकीट टम्म फुगलेलं. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या, आणि पहाटे बाहेर जायला उठलो तर उजवा बूट डाव्या पायात कोंबत बसलो होतो. तंबूतल्या जोडीदाराने ते बघितलं आणि लीडरला उठवलं. खाली न्यायचं ठरलं, तर गाडीच नाही! पुढची बॅच आणायला ऑफिसने ती संध्याकाळीच परत पाठवली होती. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण तो उघडायची चावी गाडीच्या डिकीत गेलेली. उजाडेपर्यंत मला एका ढाब्याच्या तंबूत बसवून ठेवलं, मग लेहकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने जिस्पाला सोडलं. दुपारी मी वरण-भात मागून खाल्ला, खाली उतरल्याने इतका फरक पडतो. नंतर ऑफिसचं उत्तर, "गाडी ग्रुपसाठी असते, एका माणसासाठी नसते." पैसे परत नाहीत, पुढच्या वर्षी सूट देतो म्हणे. पुढच्या वर्षी!

तेव्हा कुठलंही शिखर घ्या, पण पैसे भरण्याआधी प्रत्येक मुक्कामाची उंची लेखी मागवा. राखीव दिवस मोडला तर काय करणार, हेही विचारा. आणि गाडी जाते तो तळ असेल तर रात्री ती तिथेच उभी राहणार का, याचं उत्तर हो किंवा नाही असंच घ्या. "बघू, ॲडजस्ट करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

पळण्याचा स्टॅमिना चढायला कामी येतो, विरळ हवेपासून वाचवत नाही. उलट आपल्यासारखे यवतेश्वरचा घाट पळणारे पहिल्या दिवशी पुढे धावतात आणि तिसऱ्या दिवशी आडवे होतात. त्यापेक्षा दहा-बारा किलो पाठीवर घेऊन अजिंक्यतारा चढा-उतरा, उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं शरीरही वेगळं.

लडाखमधल्या स्टोक कांगरीचा नाद सोडा, गावकऱ्यांनी ती २०२० मध्ये बंद केली. तिथलीच कांग यात्से-२ मला आवडते, कारण मारखा खोऱ्यातून चालत जाताना शरीराला वेळ मिळतो, पण वरचा बर्फाचा उतार पहिल्या वेळेला जड जाईल. माझं मत विचाराल तर मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर. ५,२८९ मीटर म्हणजे सहा हजारीचा टिळा लागणार नाही, पण सोलंगहून पायी चढता आणि क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड), दोर हातात येतात. सोपी समजू नका, हिमस्खलनाचा धोका तिथेही आहे.

नऊ दिवसांत मात्र यातलं एकही नको. गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन आणि परत यातच तीन-चार दिवस जातात. तेवढीच सुट्टी असेल तर उत्तराखंडातला केदारकंठा करा, ३,८१० मीटर, हिवाळ्यात भरपूर बर्फ मिळेल. साहेबांकडून दोन आठवडे काढता आले तर फ्रेंडशिप. तेव्हा भाड्याच्या बुटाला क्रॅम्पॉन नीट बसतोय का, ते मनालीतल्या दुकानातच घालून बघा.