डॉक्टर होऊन फायलीच क्लिक करतेय, ताई

"ताई, मी बीएचएमएस. लग्नाआधी डोंबिवलीत एका सरांच्या क्लिनिकमध्ये बसायचे, आता चकाल्याला एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या ऑफिसात, कॅशलेसच्या फायली बघते. अप्रूव्ह, क्वेरी, रिजेक्ट, दिवसभर हेच. पगार वेळेवर होतो, सासूबाई म्हणतात एसीत बसून काम आहे, अजून काय पाहिजे. पण घरी आल्यावर आज मी काय केलं हे मलाच सांगता येत नाही. मैत्रिणीचं स्वतःचं क्लिनिक आहे, तिचे पेशंट रस्त्यात थांबून नमस्कार करतात. नोकरी सोडू का?
– नावापुरती डॉक्टर"

अगं, सही बघूनच तुला रागवणार होते, पण असू दे. लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते.

आधी एक. डोंबिवलीहून फास्ट, घाटकोपरपर्यंत उभ्याने, मग मेट्रोच्या जिन्यावरची ती रेटारेटी आणि संध्याकाळी हेच उलटं. एवढी दगदग झाल्यावर कुणालाही कुठलंच काम गोड लागत नाही, उद्या क्लिनिक टाकलंस तरी तेच. म्हणून चार दिवस रजा टाक, झोप काढ. उठल्यावरही असंच वाटत असेल तर पुढचं वाच.

तुझ्या पत्रभर पेशंट शोधत होते, सापडले ते मैत्रिणीचे. तुझेही आहेत गं, फक्त तुला दिसत नाहीत. सकाळी राउंडला डॉक्टर सांगतात, आजी आज घरी जा. आजी खुश, गाऊन सोडून साडी नेसून बेडच्या कडेला बसलेल्या, पिशव्या भरलेल्या, आणि मुलगा खाली बिलिंगला दर पंधरा मिनिटांनी "अप्रूव्हल आलं का हो?" काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणते, क्वेरी आलीय. कसली, ते त्याला कळत नाही आणि खरं तर तिलाही धड कळलेलं नसतं. अकराला इनडोअर पेपर मागवले, दीडला बीपी कधीपासून आहे त्याचं सर्टिफिकेट, चारला इम्प्लांटचा स्टिकर. तिन्ही गोष्टी पहिल्यांदा फाईल उघडली तेव्हाच मागता आल्या असत्या, पण त्यासाठी समोरच्याला केसपेपर वाचता यायला हवा ना! तुला येतो, त्यासाठीच तर तुला तिथे बसवलंय.

अमेरिकेत एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोघींनी 2001 साली कामाबद्दल एक पेपर लिहिला, त्यात हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. काम तेच, पण काहीजण म्हणायचे आम्ही फक्त साफसफाई करतो, आणि काहीजण पेशंटशी चार शब्द बोलायचे, नर्सच्या कामाचा अंदाज घेऊन आपलं काम लावायचे, आपणही पेशंट बरा करण्यातले एक आहोत असं धरून चालायचे. कुणी प्रमोशन दिलं नव्हतं त्यांना, कामाचा आकार त्यांनी स्वतःच थोडा बदलला. (ह्याचा अर्थ कमी पगारात गप्प राबा असा काढणारे मॅनेजर असतात, त्यांचं ऐकू नकोस.)

तू काय करशील? सगळ्या शंका एकाच क्वेरीत टाक आणि बिलिंगवाल्या मुलीला वाचून कळेल अशा भाषेत टाक. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कजवळ तासभर नुसती बसून ये. डिस्चार्जचं फायनल अप्रूव्हल तीन तासांत द्यायचं हा 2024 चा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम तुला पाठ असेल, पण तिथे बसल्यावर ते तीन तास केवढे असतात ते कळेल.

आता दुसरी शक्यता, आणि मला खरी काळजी हीच आहे. तुझं मन रमत नाही, का मनाला टोचतंय? पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असली की जुना आजार लपवला म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तरीही वरून कुणी सांगत असेल की बीपीची हिस्ट्री खणत बसा, काहीतरी करून रिजेक्शन वाढवा, तर तो कंटाळा नाही, तो तुझ्यातला डॉक्टर शिल्लक आहे. तिथे दृष्टिकोन-बिष्टिकोन बदलून काही होत नाही. नियमाप्रमाणे विमा कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा आपलं मत फाईलवर स्पष्ट लिही, आणि तेही चालू देत नसतील तर दुसरी नोकरी शोध, मी अडवणार नाही.

राहिलं क्लिनिक. मैत्रिणीचे नमस्कार दिसले, रात्री साडेदहाचे फोन आणि दुकानाच्या गाळ्याचं भाडं दिसलं नाही. तिला विचार, शनिवार संध्याकाळ बसू देशील का? दोनतीन महिने बसून बघ, कंटाळतेस की घड्याळ विसरतेस. पण त्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बाहेर प्रॅक्टिस करायला बंदी असते बऱ्याच ठिकाणी, आणि असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घे, तोंडी नको.