घरी केलेल्या लाकडी धनुष्याला गोव्याच्या पावसात टिकेल असं कोणतं फिनिश द्यावं?

होड्यांच्या लाकडाला लावतात ते मरीन व्हार्निश घ्या. धनुष्य दर ओढीला वाकतं. फर्निचरचं कडक पॉलिश त्यावर तडकतं, हे व्हार्निश थोडं लवचिक राहतं. नुसतं बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल) नकोच, आपल्याकडे पावसात त्यावर बुरशी धरते. काम मार्च-एप्रिलातच उरका, ओल लाकडात कोंडली गेली तर व्हार्निश सुटतं. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, पुढचे दोन-तीनही पातळच. प्रत्येक हात खडखडीत वाळल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवून धूळ पुसा. दोरीच्या खाचांकडे नीट लक्ष द्या. तिथे कापलेले तंतू उघडे असतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं, म्हणून बारीक ब्रशने एक हात जास्त द्याच. दोरी मात्र आठवडाभर थांबून चढवा.