शेवटची वाघीण जाईपर्यंत

बाळा,

परवा ओढा स्टेशनाहून परतताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "काका, इंजिन गेल्यावर मागचं काय बघायचं? मित्र हसतात." मी गप्प बसलो. मला राग आला होता.

१२,००० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूएजी-१२ हे मालगाडीचं इंजिन आलं, तुम्हा चौघांचे मोबाईल वर गेले. ते जोडइंजिन पुढे सरकलं आणि लगेच सगळ्यांच्या माना खाली! कोळशाचा रेक (डब्यांची अख्खी रांग) अजून निम्मासुद्धा गेला नव्हता. तू मात्र मोजत होतास. तुझे ओठ हलताना मी पाहिले. एक्केचाळीसला मित्रानं खांद्यावर हात टाकला आणि तू सोडून दिलंस. का सोडलंस? शेवटच्या डब्याच्या, ब्रेकव्हॅनच्या दारात उभ्या गार्डानं आपल्याला हात केला. त्याला उलट हात करणारा मी एकटाच.

गाडी शेवटच्या वाघिणीपर्यंत बघायची. (तुम्ही वॅगन म्हणता, म्हणा.)

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. तुझ्या वयाचा असताना आम्ही तिघं थळ घाटात जायचो. कसारा ते इगतपुरी चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. पुढच्या इंजिनाला तो एकट्यानं झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात आणि इगतपुरीला सुटतात. तेव्हा डीसी विजेचा जमाना होता, मागून डब्ल्यूसीजी-२ ढकलायची. माझ्याकडं छत्तीस फोटोंचा एक रोल होता. सगळा पुढच्या इंजिनांवर संपवला. बँकर येईपर्यंत आम्ही वडापावच्या गाडीवर पोचलेलो असायचो. आता मुंबईपर्यंत एसी वीज झालीय, ती इंजिनं भंगारात गेली. माझ्याकडं त्यांचा एक फोटो नाही, एक नंबर नाही. घाटात खरी मेहनत शेपटाकडं चालली होती आणि मी पाठ फिरवून उभा होतो.

तेव्हापासून मी हलत नाही. भावाच्या साखरपुड्याला अर्धा तास उशिरा पोचलो, कारण खेरवाडीला कांद्याचा रेक लूपवर (बाजूच्या रुळावर) उभा होता आणि तो सुटून पूर्ण जाईपर्यंत मी थांबलो. वहिनी अजून टोमणे मारते. मारू दे. त्या दिवसाच्या ४२ वाघिणी माझ्या वहीत आहेत. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

आणि बघायला काय नसतं रे! एखाद्या वाघिणीचं चाक एका जागी घासून सपाट झालेलं असतं. ती लांबूनच ठक-ठक-ठक करत येते, समोरून जाताना पायाखालची खडी थरथरते, आणि मग तो ठोका तसाच मनमाडच्या दिशेनं विरत जातो. इंजिनाच्या दहा सेकंदांच्या व्हिडिओत हे सापडणार आहे का?

मित्रांना सोड असं मी म्हणत नाही. त्यांच्याबरोबरच जा, हसू दे त्यांना. फक्त रुळांत उतरून रील करणारा असेल तर त्याला तिथल्या तिथं झाप. इंजिनाचा नंबर आणि शेडचं (जिथं ते ठेवतात, दुरुस्त करतात) नाव आधी लिहायचं, मग मोजणी, आणि शेवटची वाघीण जाईपर्यंत जागा सोडायची नाही.

रविवारी इगतपुरीला ये. प्लॅटफॉर्मच्या कसारा बाजूच्या टोकाला मी असेन. बँकर सुटून परत खाली जातात ते बघू. पोळीभाजी मी आणतो, वही तुझी तू आण.

तुझा,
काका