वाचक विचारतात : इटलीची सहल, बस थांबल्यानंतरची

इटलीच्या गाइडेड सहलींविषयी सोलापूर आणि परिसरातून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : दोन कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवली आहेत. एकीत ८ दिवसांत ९ शहरं, दुसरीत तेवढ्याच दिवसांत ५ मुक्काम आणि पैसे मात्र जास्त. दोन्हींवर 'सांस्कृतिक सहल' असंच लिहिलंय. फरक कसा ओळखायचा? (जुळे सोलापूर)

शहरं मोजू नका, क्रियापदं वाचा. 'फोटो स्टॉप' म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, चढा. 'पॅनोरॅमिक टूर' म्हणजे बहुतेक वेळ काचेतूनच. 'दर्शन' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे मंदिरात आत जाऊन असा होतो, माहितीपत्रकात तो बाहेरूनही असू शकतो. 'प्रवेशासह' आणि 'स्थानिक गाइडसह' हे दोन शब्द जिथे असतील तेवढीच ठिकाणं खरी पाहून होतात. पेन घ्या आणि त्यांच्याखाली रेघ ओढा. ९ शहरांच्या पत्रकात अशा रेघा तीन-चारच निघाल्या, तर निवड तिथेच झाली.

आता बसचं गणित. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवता येत नाही (आठवड्यात दोनदा १० चालतात) आणि रात्री साधारण सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. गाडीत यंत्र बसवलेलं असतं, त्यात सगळं नोंदलं जातं. 'दादा, अजून अर्धा तास' तिथे चालत नाही. रोमहून सकाळी ८ ला निघालात, तर साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवरचं पिसा गाठायला हायवेवर १०० ची मर्यादा, सक्तीची विश्रांती आणि जेवण धरून दुपारचे दोन वाजतात. मोठ्या बसचा तळ मनोऱ्यापासून लांब, तिथून चालत किंवा छोट्या गाडीने. तासाभरात परत. त्या दिवसातली संस्कृती एवढीच, बाकी डांबर.

जुन्या शहरांच्या मध्यभागी वाहनांना मज्जाव असलेला भाग असतो, त्यात टुरिस्ट बस जात नाही. म्हणून हॉटेल कुठे आहे हे विचाराच. पत्रकात 'फ्लॉरेन्स परिसर' असेल तर मुक्काम बऱ्याचदा मोंतेकातिनीला निघतो, म्हणजे जवळजवळ ५० किलोमीटर लांब. 'व्हेनिस' म्हणजे बहुधा मेस्त्रे. मेस्त्रेचं एवढं वाईट नाही, रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस येतं. मोंतेकातिनीला राहिलात तर मात्र फ्लॉरेन्सची संध्याकाळ गेली, आणि दिवसाची गर्दी पांगल्यावरचं फ्लॉरेन्स पाहण्यासाठीच तर एवढा खर्च.

आणखी एक. तुमच्यासोबत मुंबईहून येणारा टूर मॅनेजर वेगळा आणि स्थानिक गाइड वेगळा. संग्रहालयात, स्मारकात उभं राहून माहिती सांगायला तिथे परवानाधारक गाइडच लागतो. कुठल्या ठिकाणी किती तास गाइड आहे हे ईमेलवर लेखी मागा. त्याच ईमेलमध्ये हॉटेलची नावं, शहरकर (हॉटेलात दरडोई दर रात्री भरायचा, बहुतेकदा पॅकेजबाहेर), टिप, दुपारची जेवणं आणि जीएसटी-टीसीएस (टीसीएस म्हणजे कंपनीने आगाऊ वसूल केलेला आयकर) धरून एकूण आकडा मागा. टीसीएस रिटर्न भरताना वळता करून मिळतो, पण आधी खिशातून जातोच. एवढं केलं की दोन पत्रकांतला किमतीचा फरक बराच आटतो.

प्रश्न : पत्रकावर टस्कनीच्या हिरव्यागार टेकड्या आणि सरूच्या झाडांची रांग आहे. मुलांच्या शाळेमुळे मे किंवा दिवाळी, दोनच पर्याय आहेत. (होटगी रोड)

मे. तो फोटो टस्कनीतल्या वाल दोर्चा खोऱ्याचा, आणि काढलेला एप्रिल-मेमधला. ती हिरवळ म्हणजे गवत नव्हे, गहू. जूनअखेर-जुलैत कापणी होते आणि टेकड्या आपल्या मंगळवेढ्याच्या रानासारख्या उघड्या पडतात. जमीनही तशीच चिकणमातीची, उन्हात भेगाळणारी. २००४ पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे, तो रानटी सौंदर्यामुळे नाही तर माणसाने आखलेल्या शेतीमुळे. जवळच्या सिएना शहराच्या व्यापाऱ्यांनी १४व्या-१५व्या शतकात हा मुलूख चांगल्या कारभाराचा नमुना म्हणून घडवला. म्हणूनच सिएनाच्या नगरभवनातली चित्रकार लोरेन्झेत्तीची 'चांगलं आणि वाईट राज्य' ही १३३८-३९ची भित्तिचित्रं आधी पाहावीत, मग बसने त्या टेकड्यांतून जावं. भिंतीवर रंगवलेलं शेत खिडकीतून दिसतं. कार्यक्रमात क्रम उलटा असेल तर बदलून मागायला हरकत नाही.

दिवाळीत गेलात तर टेकड्या नांगरलेल्या, सकाळी धुकं, ऑलिव्हची तोडणी चालू. तेही देखणं, पण पत्रकासारखं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार. अमाल्फीकडच्या बऱ्याच बोटी आणि हॉटेलं नोव्हेंबरपासून बंद. म्हणजे दिवाळीत रोम, फ्लॉरेन्स, सिएना ठेवा आणि समुद्रकिनारा वगळा. मे निवडलात तर १ मे टाळा, त्या दिवशी बरंच काही बंद असतं.

जुलै-ऑगस्टचा विचारही नको. 'आम्हाला ४३ अंशांची सवय आहे' हे खरं, पण आपण त्या उन्हात दुपारी दारं लावून घेतो. तिथे दुपारी दोनला तापलेल्या फरसबंदीवर कानात इअरफोन घालून गाइडच्या झेंड्यामागे चालायचं असतं.

प्रश्न : घरात सगळे शाकाहारी, सासूबाई जैन आहारातल्या. 'व्हेज मिळतं' असं एजंट म्हणतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेऊ शकतो का? (अशोक चौक)

शेंगाचटणी, कडक भाकरी, कोरडे मसाले न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून वैयक्तिक सामानात नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नकोत. चटणी दोन पिशव्यांत, चेक-इन सामानात. तिचं तेल सुटतं आणि मग सगळ्या कपड्यांना वास.

'व्हेज मिळतं' यात फसगत कुठे होते ते पाहू. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने जमवलेलं असतं, तो नियमच आहे. ग्राना पादानोचंही तेच, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. हिरव्या पेस्टोत पार्मिजानो असतंच, शिवाय लसूण. मिनेस्त्रोने सूप आणि रिसोत्तो बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजतात, मिलानच्या केशरी रिसोत्तोत तर पारंपरिक कृतीप्रमाणे हाडातली मज्जा. बोलोन्याकडच्या रोमान्या भागात पियादिना नावाची पोळी मिळते, दिसायला थेट आपली, पण जुन्या पद्धतीत ती डुकराच्या चरबीत मळतात. ताज्या पास्त्यात अंडं, वाळवलेल्या पास्त्यात फक्त रवा आणि पाणी. मेन्यूवर 'फ्रेस्का' किंवा 'अल्ल्वोवो' दिसलं की विचारा. गोडात पान्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं.

काय खायचं? पिझ्झा मारिनारा. नाव समुद्राचं, पण वर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. ना चीज, ना मासा. सासूबाईंसाठी तोच लसणाशिवाय. वाळवलेल्या पास्त्यावर टोमॅटो, तेही 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला' असं सांगून, म्हणजे लसूण नको, कांदा नको. 'सेन्झा फोर्माज्जो' म्हणजे चीज नको. पण तयार टोमॅटो सॉसमध्ये कांदा आधीच पडलेला असतो, म्हणून 'सॉस ताजा आहे का' हा प्रश्न वेटरला विचारावाच लागतो. ही तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहून घ्या. उच्चार चुकला तरी चिठ्ठी चुकत नाही. आइस्क्रीमऐवजी फळांचं सॉर्बेत्तो, त्यात बहुधा दूधही नसतं.

रोज रात्री भारतीय जेवण असलेली सहल घ्यावी का? सासूबाईंसाठी हो. पण लक्षात घ्या, ते जेवण सात-साडेसातला ठरलेल्या हॉटेलात असतं आणि बस त्या वेळेला धावते. मेमध्ये तिथे साडेआठला सूर्य मावळतो. निदान दोन संध्याकाळी 'जेवण आपापलं' अशा मागून घ्या. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो दिसतील. ती लूट नव्हे, बसण्याचा रिवाजी आकार आहे. कॉफी उभ्याने काउंटरवर घेतली तर स्वस्त, टेबलावर महाग. हायवेवरच्या उपाहारगृहात बऱ्याचदा आधी पैसे, मग पावती दाखवून कॉफी.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. झेपेल का? (बाळे)

रोम झेपेल, कोलोसिअमला लिफ्ट आहे. व्हेनिस कठीण. बस त्रोंकेत्तो बेटाच्या पलीकडे जात नाही, पुढे बोट, आणि नंतर पूल. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. आईंना सान मार्को चौकापाशी उतरवून तिथेच बसवणं शहाणपणाचं. असिसी आणि सान जिमिन्यानो चढावर आहेत. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांपैकी कोर्निल्या गावाचं स्टेशन खाली आणि गाव वर, मधे पावणेचारशेच्या वर पायऱ्या. ते एक गाव सोडा; वेर्नात्सा, मोंतेरोस्सो स्टेशनपासून सपाट आहेत. तिथल्या डोंगरवाटांवर चपला घालून गेल्यास दंड आहे, म्हणून पायात पकड घेणाऱ्या तळाचे बूट. आणि फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही.

प्रश्न : आम्ही दरवर्षी विजापूरला जातो. गोल घुमट पाहिलेल्या माणसाला फ्लॉरेन्सचा घुमट वेगळं काय देणार? (विजापूर रोड)

प्रश्न आवडला. व्यास पाहा : रोमचं पँथिऑन हे जुनं देऊळ आतून ४३.३ मीटर, फ्लॉरेन्स आतून सुमारे ४५, गोल घुमट बाहेरून ४४. तिन्ही जवळपास एकाच मापाचे आणि तिघांची युक्ती वेगळी.

पँथिऑन इ.स. १२५ च्या आसपासचं, पोलादाशिवायचं काँक्रीट. वर जाताना भिंत पातळ आणि मिश्रणातला दगड हलका, शेवटी प्युमिस, आणि माथ्यावर चक्क भोक. पाऊस आत येतो, फरशीला उतार आणि निचऱ्याची छिद्रं आहेत, ती पाहा. गोल घुमट १६५६ चा. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा म्हणून एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची चांदणी. तिच्यामुळे वजन आतल्या बाजूला झुकून पेललं जातं.

फ्लॉरेन्सला अडचण निराळी. खालचा अष्टकोन आधीच बांधून बसलेला आणि एवढ्या रुंदीखाली लाकडी साचा उभारणं अशक्य. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये साच्याशिवाय घुमट चढवला. एकात एक अशी दोन कवचं, आणि विटा मधूनमधून उभ्या लावून तिरप्या ओळी, चटईच्या विणीसारख्या. ओला थर घसरू नये म्हणून उभी वीट त्याला अडवून धरते. माग पाहिलेल्या सोलापूरकराला ही वीण लगेच कळेल.

अडचण अशी की ती खालून दिसत नाही. आत वासारी आणि झुक्कारीने रंगवलेलं चित्र आहे, वर लाल कौलं. वीण दिसते ती दोन कवचांमधल्या अरुंद जिन्यातच, आणि ग्रुप सहलीत हा जिना सहसा नसतो. म्हणून 'मोकळा वेळ' कधी आहे ते आधी विचारून त्या तासाचं तिकीट वेबसाइटवर स्वतः काढा. वेळ ठरलेली असते, चुकली की तिकीट गेलं. बंदिस्त जागेची भीती असेल तर नको, अर्ध्यातून परतणं सोपं नाही.

प्रश्न : यंत्रमागाचा कारखाना आहे, पगारपत्रक नाही. व्हिसाला अडचण येईल? (अक्कलकोट रोड)

नाही. उद्योगाची नोंदणी, जीएसटी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, चालू आणि बचत खात्याचं सहा महिन्यांचं विवरण पुरतं. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी हवाच. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५. ३०,००० युरोंचं विमासंरक्षण सक्तीचं. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. अडतं ते अर्जाच्या आठवड्यात खात्यात आलेल्या मोठ्या रकमेपाशी. ती कुठून आली याचा कागद सोबत लावा. बोटांच्या ठशांसाठी मुंबईची वेळ सकाळची मिळाली, तर त्याच पहाटे पोचणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसवर भिस्त ठेवू नका, आदल्या दिवशी जा.

प्रश्न : चर्चमध्ये खांदे झाकायला सोलापुरी चादर चालेल का? (बाळीवेस)

नियमाने चालेल, अंगाला झेपणार नाही. सुती उपरणं किंवा ओढणी पिशवीत ठेवा. गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा.