कोल्ड्रिंकच्या बाटलीवर 'कूलिंग चार्ज' म्हणून एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेणं कायदेशीर आहे का?

नाही, अजिबात नाही. एमआरपीमध्ये सगळे टॅक्स आधीच धरलेले असतात आणि २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, मग फ्रिजचं बिल असो नाहीतर सुट्टे नाहीत म्हणून हातात टेकवलेलं चॉकलेट (ते नको म्हणा सरळ). छापलेल्या किमतीवर जास्तीचा स्टिकर चिकटवणंही चालत नाही, कमी किमतीचा चालतो. फक्त हॉटेलात बसून पाणी मागवलं तर गोष्ट वेगळी, तिथे सर्व्हिस पण असते म्हणून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने जास्त घ्यायला मुभा दिलीये. दुकानदार ऐकत नसेल तर बिल मागा, बाटलीचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्ह्याच्या वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) ऑफिसात तक्रार द्या. बिल मागितल्यावरच बरेचजण गपचूप पाच रुपये परत करतात.