पिल्लू ओट्यावर चढतंय? आधी ओट्यावर त्याला काय मिळतं ते बघा

चार महिन्यांचं पिल्लू दिवसातून दहा-पंधरा वेळा स्वयंपाकाच्या ओट्यावर चढतं, ओरडून झालं, पाण्याचा फवारा मारून झाला, आणि आता सासूबाई म्हणतात की या घरात एक तर मांजर राहील नाहीतर मी स्वयंपाक करीन. एकूण असा तुमचा प्रश्न. सासूबाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधून निघालेले पाय पोळपाटावर मलाही चालत नाहीत. डोंबिवलीच्या वन बीएचकेत अठरा वर्षांत माझ्याकडे सात मांजरं झाली, तात्पुरती सांभाळलेली पिल्लं मोजायची मी सोडून दिली. त्यातून जे शिकले ते सांगते.

पहिलं म्हणजे ती फवाऱ्याची बाटली कुंड्यांपाशी नेऊन ठेवा. मी माझ्या पहिल्या मांजरीवर, बबीवर, ती दोन महिने वापरली. मी स्वयंपाकघरात असले की बबी शहाण्यासारखी दारात बसायची. मला वाटलं, जमलं. मग एकदा पहाटे पाणी भरायला उठले तर रात्री ओट्यावर विसरलेल्या परातीतल्या पिठात चार स्वच्छ पावलं उमटलेली, आणि तिथून पांढऱ्या ठशांची रांग थेट दुधाच्या पातेल्यापर्यंत. पाणी ओट्यातून येत नाही, माझ्या हातातून येतं, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणजे मी नसले की ओटा मोकळा. वर ती माझ्या मांडीवर यायचीही बंद झाली, ते वेगळंच. टाळ्या वाजवणं, डबा आपटणं, नाकावर टिचकी मारणं, सगळ्याची गत तीच.

आता हे पिल्लू वर का जातं? मांजराला उंचावरून घर बघायला आवडतं, हे एक. ओटा साधारण 32 ते 34 इंच उंच असतो, चार महिन्यांच्या पिल्लाला ती उडी काहीच नाही. पण उंची तर कपाटालाही असते. ओट्यावर वास असतो, ऊब असते, नळाचं पाणी असतं आणि मुख्य म्हणजे तुम्ही असता, हात हलवत, काहीतरी चिरत, काहीतरी सोलत. तुमच्या पिल्लाला यातलं नेमकं काय हवंय ते ओळखायला तीन-चार दिवस नुसतं बघा. चढल्यावर पहिल्यांदा कुठे जातं? शेगडीकडे, सिंककडे, की खिडकीकडे? आमचा तात्या (बोका आहे, नाव सासऱ्यांनी ठेवलं) सरळ सिंककडे जायचा आणि गळक्या नळाखाली जीभ लावायचा. पाण्याची वाटी खाण्याच्या वाटीला चिकटून होती, ती पलीकडच्या खोलीत रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवली आणि नळाचा वॉशर बदलला. निम्म्या फेऱ्या तिथेच संपल्या. खिडकीतल्या कबुतरांसाठी चढणारं पिल्लू असेल तर दुसऱ्या खिडकीपाशी त्याला बसायला जागा करा. खिडकीला जाळी मात्र हवीच.

बहुतेक घरांत खरं कारण खाणं असतं, आणि बहुतेक घरांत एक फितूर असतो. आमच्याकडे सासरे निघाले. रविवारी सकाळी साडेदहाला ते स्वतः कोळंबी सोलायला उभे राहायचे. तात्या ओट्याच्या कडेला. मी बाहेरच्या खोलीत. एक दिवस पाणी प्यायला आत आले तर ते उकडलेल्या कोळंबीचं शेपूट दोन बोटांत धरून, माझ्याकडे पाठ करून, तात्याला भरवत होते. मला बघून म्हणाले, "अगं, एकच दिलं. आठवड्यातनं एकदा तर देतो."

ते आठवड्यातून एकदाच खरं नडतं. रोज मिळणारी गोष्ट अचानक बंद झाली तर जनावराच्या लवकर लक्षात येतं आणि ते नाद सोडतं. कधीतरी मिळणारी गोष्ट मात्र ते रोज बघून येतं. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या माणसासारखं आहे ते, आज नाही तर उद्या लागेल. ओट्यावर सांडलेला चीजचा कण, तव्यावर राहिलेलं तूप, सिंकमधली माशाची ताटली, हीसुद्धा तिकिटंच. तेव्हा तुमच्या घरात कोण देतं ते शोधा. माझा सासूबाईंवर संशय नाही, पण मुलं आणि नवरे यांची खात्री देत नाही.

सासऱ्यांना "देऊ नका" म्हणून काही उपयोग नव्हता. त्यांना द्यायचंच होतं. मग मी म्हटलं, द्या, पण तिथे. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक जुनं लाकडी स्टूल ठेवलं, वर गोणपाट बांधलं म्हणजे पाय घसरत नाहीत. तिथून ओटा पूर्ण दिसतो, पण उडी मारून ओट्यावर जाता येणार नाही इतकं लांब. हे अंतर नीट बघा, नाहीतर स्टुलाची पायरी होते. कोळंबी स्टुलावर मिळते, ओट्यावर कधीच नाही. एवढं एक पथ्य त्यांनी पाळलं आणि महिन्याभरात तात्या रविवारी त्यांच्या आधी स्टुलावर हजर असायचा.

स्टुलाची सवय लावताना घाई नको. पहिले दोन-तीन दिवस स्वयंपाक चालू नसताना करा, जेवणाच्या आधी, पिल्लू भुकेलं असताना. खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन, तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. मोठा तुकडा दिला की ते चावत बसतं आणि धडा विसरतं. हाताने स्टुलाकडे दाखवा, चारही पाय वर टेकले की त्याच क्षणी एक ठरलेला आवाज करा (मी जिभेने टॉक् करते) आणि लगेच खाऊ, स्टुलावरच. पाच-सहा वेळा झालं की थांबा. मग कोथिंबीर निवडताना करा, मग पोळ्या लाटताना, आणि मासे सगळ्यात शेवटी. सुरुवातीला दर दहा सेकंदांनी एक तुकडा, मग अर्ध्या मिनिटाने, मग दोन-तीन मिनिटांनी.

मध्येच ते ओट्यावर चढेलच. तेव्हा एक शब्दही न बोलता, डोळ्यांत न बघता, दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवायचं. आणि इथे मी स्वतः फसले होते म्हणून सांगते: खाली ठेवल्या ठेवल्या खाऊ द्यायचा नाही. पिल्लं हुशार असतात. ओट्यावर चढायचं, खाली उतरायचं, तुकडा घ्यायचा, परत चढायचं, असा चक्क खेळ माझ्या एका पिल्लाने बसवला होता आणि मी आठवडाभर तो इमानदारीत खेळत होते. खाली ठेवल्यावर थोडं थांबा, ते आपणहून स्टुलावर गेलं आणि जरा टिकलं की मगच द्या.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सगळं बिघडल्यासारखं वाटेल. आधी दहादा चढायचं ते वीसदा चढेल, वर तोंड करून ओरडेल. पूर्वी मिळायचं ते का मिळत नाही, म्हणून जोर लावून बघतं ते. लोक नेमकं याच वेळी हार मानून एक तुकडा देऊन टाकतात, आणि मग पिल्लू शिकतं की वीसदा चढावं लागतं.

माझी आजी गुहागरकडची. तिच्या घरात चार मांजरं, आणि दूध-लोणी कायम आढ्याला टांगलेल्या शिंकाळ्यात. शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावायचं, पण शिंकं शाबूत असेपर्यंत आजीने मांजराला एकदाही दटावलेलं मला आठवत नाही. आपल्या फ्लॅटमध्ये शिंकाळं कुठे टांगणार, पण तापवलेलं दूध निवेपर्यंत बंद मायक्रोवेव्हमध्ये राहू शकतं, आणि खरकटी भांडी निदान पाण्यात बुडू शकतात. ओटा साध्या भांड्याच्या साबणाने आणि मग पाण्याने पुसला की वास जातो. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे तुमचं पिल्लू शिऱ्यात तोंड घालत असेल तर ते तुपासाठी. कांदा-लसणाचं वाटण, रस्सा यांपासून मात्र जपा, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेली हाडंही उघडी ठेवू नका.

ओट्याच्या कडेला काहीतरी लावण्याबद्दल: दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप जुन्या कालनिर्णयच्या पानांवर लावून, ती पानं उडी जिथे टेकते तिथे ठेवली की पंजाला चिकट लागतं आणि बऱ्याच पिल्लांना ते आवडत नाही. हे तुम्ही खोलीत नसतानाही काम करतं, हा त्याचा फायदा. शेगडी पेटवायच्या आधी पानं काढायची, हे विसरू नका. ॲल्युमिनियम फॉइलला काही मांजरं घाबरतात. तात्या त्यावर झोपला. लिंबाच्या साली एक दिवस चालतात. तिखट, डांबरगोळ्या, फिनाईल, पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशकं, निलगिरी किंवा टी ट्रीसारखी सुगंधी तेलं यातलं काहीही ओट्यावर लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ही रसायनं पचवून बाहेर टाकायला मांजराचं यकृत फार कमी पडतं, आणि पंजाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं.

संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायच्या आधी दहा मिनिटं काठीला दोरी बांधून खेळवा आणि लगेच जेवायला द्या. पळालं, पकडलं, खाल्लं की मांजर अंग चाटत बसतं आणि झोपतं. कुकरच्या तीन शिट्ट्या तेवढ्यात होतात. खेळ झाला की दोरी उचलून कपाटात टाका. दोरा गिळला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेवर जातं. गजऱ्याच्या दोऱ्याचंही तेच.

रात्रीची हमी मी देत नाही. अंधारात, घर झोपलेलं असताना माझी मांजरं ओट्यावर जात नाहीत असं मी शपथेवर सांगणार नाही. म्हणून रात्री गॅस रेग्युलेटरपाशीच बंद करायचा आणि सकाळी पहिलं काम ओटा पुसायचा. स्पर्शाने चालू होणारी विजेची शेगडी असेल तर तिचं बटण भिंतीवरच बंद करा. दक्षिण कोरियात सोलच्या अग्निशमन विभागाने जानेवारी 2019 ते नोव्हेंबर 2021 या काळात मांजरांमुळे लागलेल्या 107 आगी नोंदवल्या होत्या, त्यांत अशा शेगडीवर पंजा पडण्याचाच धोका त्यांनी मुख्य सांगितला होता. स्वयंपाक झाल्यावर गरम बर्नरवर पाण्याचं पातेलं ठेवून द्यायची सवय लावा, पंजे भाजत नाहीत. आणि घरात कोणी गरोदर असेल तर लिटरचा ट्रे दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज साफ करायचा. टोक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या विष्ठेतून पसरणारा, पोटातल्या बाळाला धोक्याचा परजीवी असलाच तरी विष्ठेत बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई महत्त्वाची.

वेळ किती लागेल? माझ्याकडची पिल्लं तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत घेत आली.

सासूबाईंबद्दल माझं मत विचाराल तर खाऊची वाटी त्यांच्याच हाताशी द्या. पोळ्या त्या करतात, पिल्लू त्यांच्याच पायांत असतं, आणि स्टुलावर बसल्यावर तुकडा देणारं माणूस त्या झाल्या की ते त्यांच्याकडे बघत तिथेच बसेल. वाटी झाकणाची घ्या आणि ती ओट्याच्या स्टुलाकडच्या टोकाला ठेवू नका. आमचं अंतर चुकलं होतं. तात्याने मागचे दोन पाय स्टुलावर ठेवून पुढचे दोन ओट्यावर टेकवले होते आणि उघड्या वाटीत तोंड घातलं होतं. सासऱ्यांचं म्हणणं पडलं की नियमाप्रमाणे तो स्टुलावरच आहे.