बंद करायचे पैसे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. दूध संकलन केंद्रांवर तुमची फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ) मोजणारी यंत्रं बसलीत, दूध संघांकडे बिलं थकलीत, खात्यात जेमतेम तीन महिन्यांचे पगार निघतील एवढी शिल्लक आहे. आणि आता वडील म्हणतायत, जमिनीवर बोजा चढवतो पण तू थांबू नकोस. शेवटी तू विचारलंयस, "काका, बुडण्याची भीती जाते कशी?"

तू हुशार आहेस, सगळं नीट होईल, असलं काही मी लिहिणार नाही. ते सांगणारी माणसं तुझ्याकडे भरपूर आहेत. मला एवढंच सांग, उद्या सकाळी कंपनी बंद करायची ठरवलीस तर किती रुपये लागतील?

माहीत नाही ना? मला वाटलंच. यंत्राच्या सेन्सरची चूक तू दुसऱ्या दशांशापर्यंत सांगतेस आणि हा आकडा तुला ठाऊक नाही. भीती तिथून येते.

कागद घे. कामावरच्या पोरांचे नोटीस काळातले पगार लिही. त्यांच्या पगारातून कापलेला पीएफ लिही, जो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. तो तुझा पैसा नाहीच, त्यांचा आहे, आणि कापून न भरणं हा फौजदारी मामला होतो. 7 तारखेचा टीडीएस लिही. 20 तारखेचा जीएसटी लिही, आणि संघाने बिल चुकतं केलेलं नसलं तरी माल बिलावर गेला की कर तुला भरावाच लागतो हे विसरू नकोस. सर्किट बोर्डवाल्याची उधारी, गाळ्याचं भाडं, विकलेल्या यंत्रांची वॉरंटी, सीएची फी. बेरीज कर. त्याला मी बंद करायचे पैसे म्हणतो. ते वेगळ्या खात्यात एफडी करून टाक आणि हात लावू नकोस. दर महिनाअखेरीला आकडा नव्याने काढ, कारण माणूस वाढला की तोही वाढतो. उरलेली शिल्लक ही तुझी धंद्याची रक्कम. ती संपली की थांबायचं.

गुंतवणूकदार हसतील. पैसा निजवून ठेवलाय म्हणतील. हसू देत.

यंत्र चाललं नाही तर तुला वाईट वाटेल, पण त्याने रात्रभर जागरण होत नाही. चाकणची नोकरी सोडून तुझ्याकडे आलेल्या पोराला तोंड कसं दाखवायचं, याने होतं. बोर्डवाल्याचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, त्याने होतं. त्या प्रत्येकाचे पैसे बाजूला काढलेले असले की उरतं ते फक्त यंत्राचं अपयश, आणि ते तुझ्यासारख्या इंजिनिअरला झेपतं. भोसरीत माझा कारखाना होता तेव्हा ही रक्कम बाजूला पडली त्या वर्षापासून मी जास्त धाडस केलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने दर पाडून मागितला तेव्हा सरळ नाही म्हटलं. आधी मी असल्या वेळी घाम पुसत हो म्हणायचो.

कायदाही हेच मागतो, फक्त फार उशिरा मागतो. कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली रजिस्टरवरून नाव काढून घ्यायचं तर आधी सगळी देणी फिटलेली लागतात. म्हणजे रीतसर बंद करायलाही पैसे पाहिजेत. ते नसतात म्हणून लोक गाळ्याला टाळं लावून गप्प बसतात. सलग तीन वर्षं ताळेबंद भरला नाही की संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतो. 2017 मध्ये सरकारने अशा तीन लाखांहून जास्त संचालकांना एका झटक्यात अपात्र ठरवलं. सगळे लबाड होते असं मला वाटत नाही. पुष्कळांनी भीतीपोटी नोटिशींची पाकिटं उघडायची सोडून दिली असणार. तूही बँकेचं ॲप उघडायचं सोडलंयस, असं तूच लिहिलंस.

आणि प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे घर सुरक्षित, या भ्रमात राहू नकोस. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देऊन सही केलीस की ती भिंत पडली. दिवाळखोरी संहितेतल्या हमीदारांबद्दलच्या तरतुदी डिसेंबर 2019 पासून लागू आहेत, आणि मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. दिवाळखोरीत कंपनीची कर्ज मिटवायची योजना मंजूर झाली तरी हमी देणारा आपोआप सुटत नाही. वडिलांची जमीन गहाण पडली तर तुझे बंद करायचे पैसे कागदावर शून्य आणि प्रत्यक्षात साडेतीन एकर होतील.

तू लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण दिलंस. सगळेच देतात. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षं विकले गेले नाहीत, तरी ते मागे हटले नाहीत. खरंच आहे. पण त्याआधी 1888 मध्ये बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं होतं, मग कडबा कापायची यंत्रं बनवली. सगळा संसार एका नांगरावर टांगलेला नव्हता. नगरपालिकेने जागा सोडायला लावली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुझ्या मागे कोणता राजा उभा आहे? वडील राजे नाहीत गं. ते निवृत्त शिक्षक आहेत.

आता माझं. मी कारखाना बंद केला तेव्हा खात्यात पैसे होते. हे अजून माझ्या तोंडावर फेकलं जातं, भावाकडून तर प्रत्येक लग्नात. "अजून सहा महिने काढले असतेस तर!" शेजारच्या गाळ्यातल्याने काढले. त्याला पुढच्या वर्षी मोठी ऑर्डर मिळाली आणि आज त्याचे दोन प्लांट आहेत. मला माहीत आहे. त्याच्या गेटवरून जाताना मी आजही आत बघतो. ज्या पॅकिंग मशीनवर मी सगळ्यात जास्त जीव लावला ते कधी बाजारात आलंच नाही, आणि त्याची ड्रॉइंग्ज मी टाकून देऊ शकलेलो नाही.

पण त्याच रांगेत आणखी दोघांनी ते सहा महिने काढले होते. त्यांची नावं कुठल्याही भाषणात येत नाहीत. एकाचे कामगार ग्रॅच्युइटीसाठी त्याच्या घरासमोर बसले होते, दुसरा गाव सोडून गेला. माझ्या कामगारांची ग्रॅच्युइटी शेवटच्या शनिवारी चेकने दिली आणि सगळे चेक वटले. माझा फिटर अजून दिवाळीला घरी येतो. भावाला म्हणावं, हे धर हिशेबात. मी घाबरून बंद केलं असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. घाबरलेला माणूस इतकं नीट बंद करू शकत नाही. असो, पत्र तुला लिहितोय, भावाला नाही.

थकलेल्या बिलांचं बोलू. तू सूक्ष्म उद्योग आहेस, उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद, आहे ना? 2006 च्या एमएसएमई कायद्याने गिऱ्हाइकाला 45 दिवसांच्या पुढे मुदत मिळत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ऐकलं नाही तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाता येतं. "संघाशी संबंध बिघडतील" असं तू लिहिलंस. बरं, मग बिघडव एखादा. स्वतःच्या बिलाचे पैसे मागायला तुला लाज वाटते आणि वडिलांचा सातबारा मागताना वाटत नाही? मला खरंच राग आला ते वाचून.

येत्या रविवारी ये, तुझ्या काकूने थालीपीठं करायचं कबूल केलंय. येणी-देणी, पीएफची चलनं आणि संघांची सगळी बिलं तारखेनिशी घेऊन ये, लॅपटॉपवरचं प्रेझेंटेशन नको. आपण दोघं बसून बंद करायचे पैसे काढू. शिल्लक त्याहून जास्त निघाली तर उरलेले कुठे लावायचे ते तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. कमी निघाली तर सोमवारी पोरांना काय सांगायचं ते तिथेच लिहून काढू. तोवर गहाणखतावर वडिलांची सही होऊ देऊ नकोस. मुहूर्त ठरला असला तरी मोड.

कळावे,
तुझा काका